शाळा कोणाची?

मूल शाळेंत घालणें हा आपल्याकडे एक संस्कारच आहे. पाटीला हळदकुंकू लागतें, पेढे वाटले जातात, आणि वडील मुलाचें बोट धरून त्याला गुरुजींच्या स्वाधीन करून घरीं येतात. एकदां असे घरीं आलेले वडील सहसा पुन्हां तिकडे फिरकत नाहींत. आमच्या मोहोळांत तर शाळेंतून बापाला बोलावणें आलें, कीं पोरानें कांहींतरी पराक्रम केला असला पाहिजे, असें सारी आळी समजत असे. पोर घरचें, शाळा सरकारची, आणि दोहोंच्या मध्यें मास्तर, अशी ती सरळ वाटणी होती. ‘मारा वा तारा’ एवढें म्हटलें कीं बापाचें कर्तव्य संपलें!

याहून निराळी वाटणी असूं शकते, हें पाहण्याचा योग मला नोकरीमुळें आला. १९८४ सालीं बँकेनें माझी बदली वसईस केली आणि तेथील एका कॅथॉलिक गांवांत मीं बिऱ्हाड थाटलें. सोलापूरकडच्या माणसाला तो मुलूख म्हणजे परदेशच. इकडे पावसाच्या चार सरींसाठीं आभाळाकडे डोळे लावून बसावयाचें. तिकडे केळीच्या वाड्यांतून पाण्याचे पाट खळखळत असावयाचे. गांवाच्या मध्यभागीं चर्च, चर्चच्या अंगणांत शाळा, आणि शाळेच्या पलीकडे दफनभूमि. एका गांवकऱ्यानें मला हंसत हंसत सांगितलें, “आमचा बाप्तिस्मा, बाराखडी आणि शेवटची माती, सगळं एका आवारात!”

मुलीला पहिलींत घालण्यासाठीं मी त्या मराठी शाळेंत गेलों, तेव्हां मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरनीं नांव व जन्मतारीख लिहून घेतली आणि मान वर करून विचारलें, “तुम्हांला काय येतं?”

फी भरतां येते, असें उत्तर जिभेवर आलें होतें. परंतु त्यांच्या मुद्रेवरून प्रश्न गंभीर आहे हें उघड होतें. “अक्षर बरं आहे,” मी म्हणालों. “मग स्नेहसंमेलनाचे फलक यंदा तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या आणि वहींत तशी नोंदही केली. पुढच्याच आठवड्यांत माझ्या पत्नीची चौकशी झाली. शाळेच्या आनंदमेळ्यांत तिची शेंगांची चटणी व कडक भाकरी मांडली गेली, आणि भाकरी पापडासारखी मोडते हें पाहून मासेभात खाणारी ती मंडळी चकित झाली. त्या दिवसापासून गांवांत आम्ही ‘बँकेचे’ राहिलों नाहीं. ‘चटणीवाल्या बाईंचे’ झालों.

हळूहळू माझ्या ध्यानांत आलें, कीं त्या वहींत प्रत्येक घराच्या नांवापुढें असें कांहीं ना कांहीं लिहिलेलें होतें. पावसाळ्यापूर्वीं शाळेचीं कौलें चाळावयाचीं तें काम अमक्याचें, मांडवासाठीं बांबू तमक्याच्या वाडींतले. एका घरच्या आजीबाई मुलींना गाणीं शिकवीत, दुसऱ्या घरचा सुतार बांकें दुरुस्त करी. रविवारचा मिस्सा आटोपला, कीं मंडळी पायऱ्यांवर उभी राहून बोलत, आणि त्या बोलण्यांतच पालकांची सभा उरकून जाई. तक्रार करण्यासाठीं मुद्दाम शाळेंत जाण्याचें कारण कोणाला पडत नसे. कारण प्रत्येकजण दुसऱ्या कांहीं कामासाठीं आधींच तेथें गेलेला असे.

चर्च आणि शाळा यांचा हा शेजार फार जुना आहे. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील चर्चना जोडून ज्या शाळा चालत, त्यांत अक्षरओळख व धर्मशिक्षण यांच्या जोडीला स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवीत असत. पुढें मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जे असंख्य गोंयकार वादक दिसले, त्यांच्या विद्येचें मूळ त्या गांवच्या शाळांत आहे. परंतु या शेजाराची दुसरी बाजूही विसरतां कामा नये. ज्या गोव्यांत १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण छापलें गेलें, त्याच गोव्यांत १६८४ सालीं लोकांनीं आपली कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावें असें फर्मान निघालें. धर्मसत्ता, राजसत्ता आणि शाळा एका अंगणांत आल्या, म्हणजे तें अंगण मायेचेंही होऊं शकतें आणि पहाऱ्याचेंही. कोणत्या वेळीं तें काय असतें, हें बहुधा आईबापांना तेथें तोंड उघडतां येतें कीं नाहीं, यावरून ओळखावें.

आमच्या बाजूला पाहावयाचें, तर सोलापूर जिल्हा १८८६ सालीं स्थापन झालेल्या पुणें धर्मप्रांतांत मोडतो. शेजारच्या तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेसुइट पाद्र्यांनीं खेड्यांपाड्यांतून शाळा काढल्या. तेथें येणारीं बहुतेक मुलें गांवकुसाबाहेरचीं. गुरें राखून चार पैसे मिळविणारा मुलगा शाळेंत बसविला, कीं घरांतली तेवढी मिळकत बुडाली. या आईबापांनीं शाळेसाठीं काय केलें, असें कोणी विचारल्यास, त्यांनीं अर्धी भाकरी कमी खाल्ली, हेंच उत्तर द्यावें लागेल. आज पालकांच्या ‘सहभागा’विषयीं व्याख्यानें ऐकतांना मला त्या न लिहिलेल्या देणगीची आठवण होते.

कागदावर मात्र आपण बरीच मजल मारली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं शिक्षणाविषयीं जो जाहीरनामा काढला, त्यांत मुलाचे पहिले व मुख्य शिक्षक आईबापच होत, असें स्पष्ट म्हटलें आहे. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक घातला. २०१२ च्या दुरुस्तीनें अल्पसंख्याकांच्या शाळांत ही समिती केवळ सल्ला देणारी ठरली, आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा शाळांना हा कायदाच लागू नाहीं असा निर्णय दिला. गंमत अशी, कीं ज्या शाळेंत पालकांचा वावर मीं सर्वांत अधिक पाहिला, तेथें या कायद्याच्या पुष्कळ आधीं नुसती एक वही होती. आणि जेथें समितीचे सर्व कागद बिनचूक आहेत, अशा कित्येक शाळांत सभासद सहीपुरते येतात. यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाहीं. सही करण्याचा हक्क ही देखील कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु हक्कानें माणूस सभेंत येतो. काम असलें तरच तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो.

आम्ही हिंदु, तेव्हां त्या आवारांत आमचें स्थान काय, हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथॉलिक मुलें एका वर्गांत जात आणि बाकीच्यांना नीतिकथा सांगत. पालकांच्या संमतीवांचून मुलाला धार्मिक शिक्षणांत बसवूं नये, असें आपल्या घटनेचें अठ्ठाविसावें कलम सांगतें, आणि तें तेथें पाळलें जाई. तरीही मुलें भिंतींनीं थोडींच अडतात? मे महिन्यांत मोहोळास आल्यावर माझी मुलगी पानावर बसली, डोळे मिटले आणि मनांतल्या मनांत कांहीं पुटपुटून मग तिनें घांस घेतला. माझी आई रोज नागनाथाच्या दर्शनाला जाणारी. सर्वांचा श्वास क्षणभर अडकला. आई म्हणाली, “जेवणाआधी देवाला आठवते ना? मग झालं. वरणावर तूप वाढा तिला.”

पण हा गोड प्रसंग सांगून हिशेब पुरा होत नाहीं. गांवच्या खऱ्या गोष्टी कुपारी समाजाच्या कादोडी बोलींत चालत. ती अंगणांत सुरू झाली, कीं आम्ही आपोआप दोन पावलें मागें सरत असूं. पाहुण्याचा मान मोठा असतो. परंतु घराच्या वाटणींत पाहुण्याला कोणी विचारीत नाहीं, हेंही खरें. समान श्रद्धेनें बांधलेलें अंगण जितकें घट्ट, तितकीच त्याची कड स्पष्ट असावयाची.

त्या बोलीचा शाळेनें मात्र उत्तम उपयोग करून घेतला होता. मूल कादोडींत बोलत येई. बाई तें ऐकून घेत, त्याच बोलींत त्याला जवळ करीत आणि वर्षभरांत अलगद पुस्तकी मराठीच्या उंबऱ्यावर आणून सोडीत. अशाच मराठी गांवांपैकीं नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं आमच्या शेजारच्या उस्मानाबादेस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हां मला त्या बाईंची प्रथम आठवण झाली.

पुढें मात्र मराठीचे वर्ग रोडावूं लागले. मुंबईची लोकल जवळ, नोकऱ्या इंग्रजीच्या. तेव्हां ज्यांनीं कौलें चाळलीं त्यांचींच नातवंडें इंग्रजी शाळेच्या गाडींत बसूं लागलीं. गोव्यांत तर हा झगडा चव्हाट्यावर आला. १९९० सालीं सरकारनें प्रादेशिक भाषांतल्याच प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचें ठरविलें आणि चर्चच्या शाळांनीं कोंकणी पत्करली. वीस वर्षांनंतर पालकच रस्त्यावर उतरले. माध्यम निवडण्याचा हक्क आमचा, असें त्यांचें म्हणणें. २०११ सालीं सरकार वांकलें आणि चर्चच्या पुष्कळशा शाळा इंग्रजीकडे वळल्या. भाषेच्या अभिमान्यांना याचा संताप आला. आणि मला तो समजतो. परंतु मुलाचा पहिला शिक्षक आईबाप, हें तत्त्व एकदां मान्य केलें, म्हणजे तें आपल्याला आवडेल तेवढ्यापुरतेंच मान्य करून कसें चालेल? कांहीं वर्षांपूर्वीं वसईस गेलों असतां, शाळेचें अंगण वर्षानुवर्षें झाडणारी एक बाई मला म्हणाली, “शाळा आमचीच आहे हो; पण पोर पण आमचंच ना?” या वाक्याला उत्तर देणारा विद्वान मला अजून भेटलेला नाहीं.

सध्यां तर तो प्रश्न माझ्याच घरीं येऊन बसला आहे. नात सहा वर्षांची झाली. सूनबाईंचें म्हणणें, तिला सोलापूरच्या इंग्रजी शाळेंत घालावें. तीसपस्तीस किलोमीटरांचा रस्ता, पण दाराशीं गाडी येते. मुलाचें म्हणणें, गांवांतली मराठी शाळा काय वाईट आहे? मी मनांतून मुलाच्या बाजूचा. परंतु पुढें नोकरीच्या मुलाखतीला बसावयाचें आहे तें नातीला, मला नव्हे. तेव्हां मीं एवढेंच सांगितलें, कीं मोहोळच्याच संशोधन केंद्रांत १९३० नंतरच्या दशकांत स्थानिक मालदांडी ज्वारींतून निवड करून ३५-१ हें वाण काढलें, आणि तें रब्बीच्या कोरड्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलें. बी येथलेंच होतें. निवड मात्र डोळे उघडे ठेवून केली होती. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, पण त्या ज्वारीला शेतकऱ्यानं राखलं, पाणी दिलं. इथल्या शाळेकडं कोण बघतं?”

मुद्दा बिनतोड होता. आमच्या गांवाला एक देवघर नाहीं, एक बोली नाहीं. लिंगायत, मराठा, मुसलमान, महार, धनगर, सर्वांचीं मुलें एका वर्गांत बसतात. वसईच्या अंगणाची नक्कल येथें होणार नाहीं आणि होऊंही नये. परंतु त्या वहीला धर्म नव्हता. कोणाला काय येतें, हें विचारावयास एक पेन्सिल पुरते.

म्हणून एके दिवशीं मी गांवांतल्या शाळेंत गेलों. मुख्याध्यापिकाबाईंनीं खुर्ची दिली आणि साशंक स्वरानें विचारलें, “काही तक्रार आहे का?” नाहीं, म्हणालों, माझें अक्षर बरें आहे, कांहीं काम असल्यास द्या. त्यांनीं थोडा विचार केला. मग कपाटांतून धुळीनें माखलेली पुस्तकांची चळत काढून माझ्यापुढें ठेवली. कोणाच्या पाठी उसवल्या होत्या, कोणाचीं नांवें पुसलीं होतीं. गेले तीन शनिवार मी खळ, दोरा आणि टांक घेऊन तेथें बसतों. गेल्या शनिवारीं एका मुलाचे वडील, टेंभुर्णी रस्त्यावर गाड्यांच्या गाद्या शिवणारे, जरा वेळ पाहत उभे राहिले, मग माझ्या हातांतली सुई काढून घेऊन म्हणाले, “द्या इकडं, असं शिवत्यात व्हय?” नातीचें अजून ठरलेलें नाहीं. पुस्तकें मात्र चौपन्न झालीं आहेत.