नाताळच्या सुट्टीत नारकंडा

बर्फ पाहायचा म्हटले की सगळ्यांचे पाय सिमल्याकडे वळतात. पण तीन-चार दिवस हाताशी असतील, तर पुढे नारकंड्यापर्यंत जावे. सिमल्यापासून हे गाव साधारण ६५ किलोमीटर. उंची २७०० मीटरच्या आसपास, म्हणजे सिमल्याहून सुमारे ५०० मीटर जास्त. साहजिकच बर्फ सापडण्याची आशा अधिक आणि गर्दी कमी.

दिल्ली ते सिमला अंतर साडेतीनशे किलोमीटर. त्यातच नारकंडाही उरकण्याचा हट्ट मुलांना आणि आजी-आजोबांना सोसत नाही. पहिला मुक्काम सोलनला किंवा सिमल्यात करावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघण्याची सवय मात्र घरीच ठेवावी. रात्री रस्त्यावर गोठलेल्या पाण्याचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, आणि देवदारांच्या सावलीतल्या वळणांवर तो उशिरापर्यंत टिकतो. उन्हे वर आल्यावर निघून अंधारापूर्वी मुक्काम गाठावा. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, करकचून ब्रेक लावू नये. ठियोगपुढे रस्ता बंद असल्याचे पोलिसांनी सांगितले तर हुज्जत न घालता मागे फिरावे; खोलीचे आगाऊ भाडे बुडाले तरी चालेल.

थंडीला घाबरून दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. जादा रजया मागून घ्याव्यात.

हाटू शिखराचा रस्ता हिवाळ्यात बहुधा बर्फाखाली असतो. मुलांची हौस गावाजवळच्या उतारांवरही भागते. फक्त कोरडे मोजे भरपूर न्यावेत.