अर्धा कोयता

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे दोघांना मिळून. जोडी फुटली की मागे उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचल द्यायला मुकादम सहसा तयार नसतो. पोटगीच्या कायद्यात हा शब्द कुठे नाही. पण माझ्या आतेबहिणीचं सगळं प्रकरण याच शब्दाभोवती फिरतं.

तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली. ही दोन लेकरं घेऊन केज तालुक्यात माहेरी आली आणि पोटगीचा अर्ज केला. तारखा पडत राहिल्या. एक हंगाम तिनं खुरपणीवर काढला. पुढच्या हंगामाला ती भावकीतल्याच एका विधुर माणसासोबत जोडी करून कर्नाटकात तोडीला गेली. दोन अर्धे कोयते मिळून एक झाला, एवढाच त्यातला हिशेब. परत आली तोवर नवऱ्याचा जबाब दाखल झाला होता : अर्जदार परपुरुषासोबत राहते, सबब पोटगीस पात्र नाही. सोबत फडातल्या कोपीसमोर काढलेले तिचे फोटो आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट.

मी पुण्यात एका कंपनीत कोड लिहितो. आमच्या घरी मात्र लॅपटॉप असलेला माणूस अर्धा वकील समजला जातो. आत्याचा फोन आला. “त्यानं उघड दुसरी ठिवली, त्याला कुणी इचारीना. आन हिचं कामाला जाणं बी पाप का रं?”

मी कलम वाचलं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ झालं. बायको ‘व्यभिचारात राहत असेल’ तर तिला पोटगी नाही. यातलं ‘राहत असेल’ महत्त्वाचं आहे. एखादा जुना प्रसंग दाखवून भागत नाही, सातत्य दाखवावं लागतं, असं उच्च न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. आणि ते सिद्ध करायचं नवऱ्यानं. घटस्फोटितेनं पुन्हा लग्न केलं तरी तिची पोटगी थांबते. मुलांचा हक्क वेगळा, आईच्या वागण्यानं तो जात नाही.

आणि नवऱ्याचं काय? त्यानं दुसरं लग्न केलं किंवा बाई ठेवली, तर बायकोनं त्याच्याकडे नांदायला न जाणं रास्त ठरतं. बस, एवढंच. दंड म्हणून रक्कम वाढत नाही. ती ठरते त्याच्या ऐपतीवर आणि तिच्या गरजेवर. म्हणजे त्याच्या संबंधानं त्याचं देणं बदलत नाही, तिच्या संबंधानं मात्र तिचं येणं शून्य होतं. असा कोड मी लिहिला असता तर टीम लीडनं परत पाठवला असता. आरोप करायला खर्च नाही, आणि तो टिकला तर दरमहाचे पैसे वाचतात. मग आरोप का होणार नाहीत?

२७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं भारतीय दंड विधानाचं कलम ४९७ रद्द केलं, व्यभिचार हा गुन्हा उरला नाही. पोटगीतली अट तशीच राहिली. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे सांगली जिल्ह्यातलं एक प्रकरण आलं. व्यभिचाराच्या कारणावरून २००० साली घटस्फोट झालेला, बायकोला पोटगी महिना १५० रुपये, ती वाढवून ५०० झालेली. सत्र न्यायालयानं ती रद्द केली, उच्च न्यायालयानं तेच कायम ठेवलं. महिना ५०० रुपयांसाठी दोन माणसं किती वर्षं भांडू शकतात, हे त्या निकालात दिसतं.

मधेच आतेबहिणीच्या दिराचा फोन आला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याला स्क्रीनशॉटसाठी प्रमाणपत्र हवं होतं. मूळ मोबाइल कोर्टात हजर केला नाही तर असं प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला पक्कं केलं, आणि तेही आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते आणि एक भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. “तू इंजिनिअर हायेस, सही तूच कर ना,” तो म्हणाला. अगदी निरागसपणे. मी नाही म्हणालो. मी तज्ज्ञ नाही, आणि ती माझी बहीण आहे.

पण तो हॅश शब्द डोक्यात राहिला. फाइल नंतर बदललेली नाही, एवढं हॅश सांगतो. कोपीसमोर उभ्या असलेल्या बाईचं आणि बाप्याचं नातं काय, पहाटे चारला उठून मोळ्या बांधणाऱ्या दोघांना व्यभिचाराला वेळ कधी मिळतो, हे त्या चौसष्ट अक्षरांत मावत नाही. आणि समजा, तिला तो माणूस आवडतही असेल. मी तिला विचारलं नाही. दोन लेकरं वाढवत, नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं कुणाशी बोलावं याचा पहारा तिच्या नवऱ्याकडेच का असावा, हे मला कळत नाही. तो स्वतः आज दुसऱ्या बाईसोबत पूर्ण कोयता होऊन तोडीला जातो.

तिच्या वकिलांनी सांगितलं, निकाल लागेपर्यंत त्या माणसासोबत जाऊ नका. सल्ला बरोबर आहे, मीही तोच दिला असता. या दिवाळीआधी मुकादम आला तेव्हा तिनं धाकट्या भावाला जोडीला घेतलं आणि उचलीवर अंगठा दिला. भाऊ बारावीला होता.