ब्रेक लागला की वीज परत जाते

आमच्या लोकलचे पंखे बटणाने सुरू होत नसत. बटण असायचं, ते दाबलंही जायचं. पंखा जागच्या जागी थरथरायचा आणि तिथेच राहायचा. मग कोणीतरी उठून शर्टाच्या खिशातला कंगवा काढायचा, जाळीतून आत सारायचा आणि पात्याला ढकलायचा. एकदा ढकलला की पंखा थेट व्हीटीपर्यंत चालायचा. आभार कोणी मानत नसे. फार तर समोरचा जरा सरकून तिघांच्या बाकावर चौथ्यापुरती जागा करून द्यायचा. डोंबिवली-कल्याणच्या आमच्या पिढीच्या कितीतरी मैत्र्या अशाच जमल्या. नाव कळायला वर्ष लागायचं. कुठे चढतो, कुठे उतरतो आणि उपास कोणत्या वारी, हे आठवड्यात कळायचं.

आता पंखे मुकाट फिरतात. छतातून बाहेरची हवा यंत्राने आत ढकलली जाते, दिवे पांढरे आणि स्थिर आहेत. कंगवा काढायची गरज उरली नाही, आणि कंगव्याच्या निमित्ताने उठणारा माणूसही उरला नाही.

पण या आठवणीवर फार विसंबू नये. लोकलच्या गोड आठवणी सांगणारा बहुधा बसलेला असतो. पत्त्यांचा डाव, चार जणांत पानं वाटून वाचलेला पेपर, भजनी मंडळाचे टाळ, दसऱ्याला झेंडूची तोरणं लावून केलेली डब्याची पूजा, हे सगळं खरं होतं. मे महिन्यात दोन बाकांच्या मध्ये उभं राहून गुदमरणारा माणूसही तेवढाच खरा होता. बायकांच्या डब्यात मेथी निवडली जायची, संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं. ते आम्ही कौतुकाने सांगतो. पण ती भाजी गाडीत निवडावी लागायची, कारण घरी पोचल्यावर त्या बाईला बसायची उसंत नसायची.

गाडी कशावर चालते, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. खरं तर उत्तर खिडकीतून दिसायचं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल सोडली, पुढे १९२९ च्या सुमारास विजेची तार कल्याणपलीकडे न्यायला घेतली, आणि त्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळे इथे स्वतःचं वीजघर बांधलं. चोळे पॉवर हाऊस. तिथे कोळसा जळायचा. वाऱ्याची दिशा बदलली की आसपासच्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची, आणि त्याच धुरावर आपण कामाला जातो हे कोणाच्या मनातही येत नसे. १९८० च्या दशकात ते बंद पडलं. धुराड्यांकडे पाहून ‘आलं ठाकुर्ली’ म्हणत दाराकडे सरकणारे लोक होते; त्यांची ती खूण गेली. काजळी गेली याचा आनंदच आहे, खूण गेल्याची हळहळही आहे.

जुनी गाडी १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालायची. कमी दाबाची वीज म्हणजे जास्त प्रवाह, जाड तारा, थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशनं आणि वाटेतच वाया जाणारी ऊर्जा. शिवाय धीमी लोकल सारखी थांबते. ठाणं सोडलं की कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. दर वेळी मोटरमन ब्रेक लावायचा, लोखंडी ठोकळे चाकांवर घासायचे, त्याचा करपट वास डब्यात यायचा आणि कमावलेली सगळी गती उष्णता होऊन हवेत जायची. त्या वासावरून झोपेतही स्टेशन आल्याचं कळायचं.

नव्या गाड्यांत ब्रेक लागला की मोटर उलटं काम करते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि टपावरच्या पेंटोग्राफमधून वरच्या तारेला परत देते. सुमारे ३० टक्के वीज अशी वाचते. म्हणजे ठाकुर्लीत थांबणाऱ्या गाडीने परत दिलेल्या विजेवर डोंबिवलीहून सुटलेली दुसरी गाडी वेग घेऊ शकते. जिथे कोळसा जाळून गाड्या चालवल्या, त्याच गावात आता गाडीच गाडीला वीज देते. ही गोष्ट आम्हाला शाळेत कोणी सांगितली असती तर आमच्यातली काही पोरं तेव्हाच इंजिनिअर व्हायचं ठरवून घरी गेली असती.

हे एकट्या मुंबईने केलं नाही. २००२ मध्ये जागतिक बँकेने मुंबईच्या वाहतूक प्रकल्पाला, म्हणजे एमयूटीपीला, ५४ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. डबे चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात बांधले गेले, विजेची यंत्रणा जर्मनीच्या सीमेन्सची. २०१० मध्ये दुसरं कर्ज आलं, त्यात उरलेली डीसी तार बदलून २५,००० व्होल्टची एसी करण्याचं काम होतं. जून २०१५ मध्ये ठाणे ते सीएसटी, म्हणजे जुनं व्हीटी, हा मध्य मार्गावरचा अखेरचा टप्पा बदलला, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकलही थांबली. याची किंमतही मोजली गेली. रुळांकडेची हजारो कुटुंबं हलवली गेली, पुनर्वसनाच्या तक्रारी बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत पोचल्या, आणि २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या काही भागाचे पैसे काही काळ रोखून धरले. परक्या देशाचं यंत्र, चेन्नईचं लोखंड आणि उठवलेल्या माणसांची घरं, या तिन्हींवर आपला पास चालतो, हे विसरायला नको.

तरीही आम्हाला सर्वांत जास्त आठवतो तो अंधार. पारसिकचा बोगदा १९१६ चा, लांबी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त. जलद लोकल ठाण्याची खाडी ओलांडून त्यात शिरायची. डब्यातल्या पिवळ्या दिव्यांना एकदम महत्त्व यायचं. आत शिरताना पोरं शिट्ट्या मारायची, कोणीतरी हमखास आरोळी ठोकायचं, पावसाळ्यात तोंडाशी ठिबकणारं पाणी दारातल्यांच्या मानेवर पडायचं. पत्तेवाले पानं छातीशी धरून थांबायचे. सगळ्यांत विलक्षण म्हणजे गप्पा. बोगद्याच्या आवाजाने वाक्य अर्धवट तुटायचं, मग मिनिटभर सगळे गप्प, आणि उजेड आला की बोलणारा त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचा. ‘काय म्हणत होतो’ असं कोणी म्हणत नसे. ते मिनिट कोणाच्याही मालकीचं नव्हतं. साहेब, कारकून, कामगार, कॉलेजची पोरं, सगळे सारखेच गप्प.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्याकडून जायला लागल्या. काम रास्त होतं. मेल गाडीसाठी लोकल अडकून राहण्याची कटकट आमच्याच पिढीने भोगली आहे. पण मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ च्या सकाळी दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि जीव गेले. आम्हीही दारात लटकत होतो, आमच्या वेळीही माणसं पडत होती. तेव्हा त्याला नशीब म्हणायचे. आता दारं बंद होणाऱ्या गाड्यांची मागणी होते, आणि ती तेव्हाच व्हायला हवी होती.

बंद दाराची वातानुकूलित लोकल मध्य मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये आली. आत गारवा, स्वच्छता, सुरक्षितता आहे, आणि पास साध्या पासाच्या कितीतरी पट महाग. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या फेऱ्यांच्या जागी या गाड्या आल्या तेव्हा कळव्याच्या प्रवाशांनी कारशेडमधून निघणारी गाडीच अडवली, बदलापूरकरही रस्त्यावर उतरले, आणि वाढवलेल्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्यांना गारवा नको होता असं नाही. त्यांना फलाटावर मागे राहायचं नव्हतं.

आमची खरी हळहळ इथे आहे. जुनी लोकल घाणेरडी होती, धोकादायक होती, वीज उधळत होती. पण तिच्यात सगळे होते. ठाण्याच्या नौपाड्याचा वकील आणि कोपरचा फिटर एकाच गाडीत उभे राहायचे. आज ज्याला परवडतं तो मोटार काढून शिळफाट्याच्या रस्त्यावरच्या कोंडीत तासभर बसतो, आणि त्याने एकट्याने जाळलेल्या पेट्रोलपुढे आपल्या लोकलने माणशी तारेला परत दिलेली वीज कुठे पुरणार? खचाखच भरलेल्या लोकलइतका माणशी कमी ऊर्जेचा प्रवास जगात फार कुठे नाही. असा प्रवास आम्ही कुठल्याही हवामान परिषदेशिवाय, नाइलाजाने का होईना, रोज करत आलो.

एमयूटीपीच्या पुढच्या टप्प्यासाठी २०१९ च्या शेवटी आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेने ५० कोटी डॉलर मंजूर केले, आणि २३८ वातानुकूलित गाड्यांचा बेत अनेक वर्षं कागदावर फिरत राहिला. त्या याव्यात, दारं बंद व्हावीत, ब्रेक लागताच वीज परत जावी. आणि त्या साध्या दुसऱ्या वर्गाच्या पासावर चालाव्यात, म्हणजे शिळफाट्यावरचा माणूसही परत फलाटावर येईल आणि कळव्याच्या माणसाला गाडी अडवावी लागणार नाही.