एका लहान सेन्सरचा खोटा निरोप

माझा पुतण्या भाड्याने गाडी चालवतो. गाडी कर्जावर घेतलेली, दर महिन्याचा हप्ता ठरलेला. मध्यंतरी गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली, मागून काळा धूर येऊ लागला. गरम असताना लवकर सुरूही होईना. एका गॅरेजवाल्याने सांगून टाकले, "इंजिन खोलावे लागेल." पोरगा रडवेला होऊन घरी आला. "काका, तुमच्या पतपेढीतून कर्ज मिळेल का?"

मी पडलो कारकून. हिशेब जुळेना तर आम्ही आधी नोंद तपासतो. त्याला म्हटले, "आधी कारण शोधू, मग कर्जाचे बघू."

रविवारी वस्तीतल्या एका जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवली. पुतण्या घाईने रेडिएटरचे झाकण उघडायला गेला, तोच मिस्त्रींनी त्याचा हात धरला. गरम इंजिनात पाणी दाबाखाली असते. झाकण फिरवताच ते उसळते आणि तोंड भाजते. दोन-तीन तास थांबलो.

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची वायर काढली, थोडे कूलंट भांड्यात घेतले आणि तापमानाचा सेन्सर खोलला. इंजिन किती तापले हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा हा बोटाएवढा भाग. तो जसा तापेल तसा त्याचा विद्युतरोध कमी व्हायला हवा. आमचा सेन्सर कढत पाण्यात बुडवला, तरी मीटरवरचा आकडा हलेना. म्हणजे इंजिन तापलेले असतानाही निरोप जात होता 'थंड आहे', आणि कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत होता. कित्येक गाड्यांत पंखाही याच निरोपावर सुरू होतो. तो वेळेवर फिरला नाही तर इंजिन खरोखरच कामातून जाते.

नवा सेन्सर नव्या वॉशरसह बेताने आवळला, कूलंट भरले, आतली हवा काढली, गळती पाहिली. काहीशे रुपयांत काम झाले. सांडलेले कूलंट लगेच धुऊन काढले. ते चवीला गोड पण विषारी असते, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आपली कितीतरी मुले रिक्षा, टॅक्सी, टेंपो चालवून घर चालवतात. त्यांना माझे एवढेच सांगणे : कुणी मोठा खर्च सांगितला म्हणून घाबरून कर्ज काढू नका. आधी तपासा, चार जाणकारांना विचारा. चुकीच्या माहितीवर इंजिनसुद्धा चुकीचे वागते, मग माणसाचे काय?

कर्जाचा अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, कोराच.