वहीला लागलेली कसर

वाचकहो, आपल्या घरी एखादी वस्तू अशी असेल, की जी आपण फार जपून ठेवलेली आहे आणि जपून ठेवलेली आहे म्हणूनच गेल्या कित्येक वर्षांत तिच्याकडे पाहिलेले नाही. ती आजीची पैठणी असेल, वडिलांनी लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा असेल, किंवा लग्नातील छायाचित्रांचा संग्रह असेल. हा लेख वाचून होताच ती वस्तू एकदा उघडून पाहावी, एवढीच माझी आपणास विनंती आहे. ती का करावीशी वाटली, हे सांगण्यासाठी मला माझ्याच एका चुकीची हकीकत सांगावी लागेल.

माझ्या आईच्या मागे तिच्या हातच्या दोन वह्या राहिल्या. एकीत पदार्थांच्या कृती होत्या आणि दुसरीत जात्यावरच्या ओव्या. आईने त्या आपल्या आईकडून व आत्यांकडून ऐकल्या होत्या आणि दुपारच्या निवांत वेळी शाईने उतरून ठेवल्या होत्या. तेराव्याचा दिवस आटोपल्यावर वाटणी अगदी सहज झाली. पदार्थांची वही ताई इंदूरला घेऊन गेली. ओव्यांची वही मी मागितली. अक्षरांशीच ज्याचा रोजचा व्यवहार, त्याच्याकडे ती असावी, हे कोणालाही सांगावे लागले नाही. कोकणातील घरातून मी ती दिल्लीला आणली, स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळली, वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावले. सवडीने तिची नीट प्रत करावयाची, असा संकल्पही त्याच दिवशी केला.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. गेल्या श्रावणात मावशीने दूरध्वनीवरून एका ओवीचा पुढचा चरण विचारला, तेव्हा मी मोठ्या ऐटीत ट्रंक उघडली. फडके सोडताच रुपेरी रंगाचा एक चपळ किडा माझ्या बोटांवरून सरकला आणि पुठ्ठ्याच्या सांध्यात नाहीसा झाला. त्याच्यामागून दुसरा गेला. पाने उलटू लागलो, तेव्हा ती जागोजाग पातळ झाली होती. काही ठिकाणी तर कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता आणि त्याबरोबर अक्षरेही गेली होती. कडा कातरलेल्या होत्या. मिरपुडीसारखे बारीक काळे कण पानांच्या घडीत साचले होते. वहीला कसर लागली होती.

मराठीत ‘कसर’ हा शब्द आपण उणीव या अर्थानेही वापरतो आणि या किड्यासाठीही. त्या दिवशी मला दोन्ही अर्थ एकदमच समजले.

इंग्रजीत जिला सिल्व्हरफिश म्हणतात ती ही कसर सुमारे एक सेंटिमीटर लांबीची असते. तिला पंख नसतात. डोक्याकडे रुंद व मागे निमुळते होत गेलेले अंग, त्यावर चंदेरी खवले, पुढे दोन लांब मिशा व मागे तीन शेपट्या, अशी तिची आकृती असते. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या कसरीचे वर्णन व चित्र दिले आहे. म्हणजे ग्रंथप्रेमी माणसांचे व तिचे वैर जुने आहे. तिला अळीची किंवा कोशाची अवस्था नसते. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू हे मोठ्या कसरीचीच लहान प्रतिकृती असते. वाढ पूर्ण झाल्यावरही ती आयुष्यभर कात टाकीत राहते आणि अनुकूल जागी काही वर्षे जगते. अन्नावाचून ती कित्येक महिने काढू शकते. ओलाव्यावाचून मात्र तिचे चालत नाही. अंधार, दमट हवा आणि पिष्टमय पदार्थ, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या, की तिचा संसार सुखाचा होतो.

या तिन्ही गोष्टी मीच तिला पुरविल्या होत्या. अंधार कुलपाने दिला. दमटपणाचे कारण शोधताना मात्र मी काहीसा चक्रावलो, कारण दिल्लीची हवा कोरडी, असा माझा समज होता. ट्रंक होती खिडकीखाली, भिंतीला टेकून, आणि त्या खिडकीत उन्हाळ्याचे तीन महिने पाण्याचा कूलर चालत असे. वैशाखाच्या झळांतही तो कोपरा कोकणासारखा ओलसर राहत होता. मग पाठोपाठ पावसाळा येई. राहता राहिले अन्न. आईची ती वही मूळची शिवणीत उसवलेली होती. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी एका सुट्टीत ती स्वतः बांधली, गव्हाच्या पिठाची खळ शिजवून तिच्यावर कापडाचा कणा चढविला आणि फाटलेली पाने पातळ कागदाच्या पट्ट्यांनी जोडली. कसरीने सर्वांत अधिक खाल्ली ती नेमकी हीच पाने. वडिलांनी ज्या मायेने वही टिकवू पाहिली, ती खळच कसरीचे पक्वान्न ठरली.

घरातील कीटकांविषयी आपली पहिली चूक होते ती ओळखण्यात. लोकरीचे कपडे खाल्ले गेले तरी आपण ‘कसर लागली’ म्हणतो आणि पुस्तक पोखरले तरी तेच म्हणतो. परंतु गुन्हेगार निरनिराळे असतात. पानाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा पातळ झाला, भोकांच्या कडा वेड्यावाकड्या असल्या व पिवळट डाग दिसले, तर ते काम कसरीचे. पुठ्ठ्यापासून थेट आतल्या पानांपर्यंत गेलेले गोल, स्वच्छ भोक हे एका लहान भुंगेऱ्याच्या अळीचे. लोकर कुरतडणारी अळी एका पतंगाची असते, आणि तिला घामाचे व खाण्याचे डाग राहिलेले न धुतलेले कपडे विशेष आवडतात. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवर किंवा कपाटामागे दिसल्या, तर ती वाळवी. तेथे पुस्तक झटकून भागत नाही, घराच्या पायापर्यंत जावे लागते. जुन्या पानांवर धुळीच्या कणांएवढे फिकट जीव हळूहळू चालताना दिसतात, ते मुख्यतः बुरशी खातात. त्यांचे दिसणे म्हणजे कागद ओलसर झाल्याची वर्दीच होय.

दुसरी चूक होते ती उपायांत. किडा दिसला, की आपला हात विषाकडे जातो. माझा पहिला विचारही डांबराच्या गोळ्यांचाच होता. परंतु त्या गोळ्यांतील नॅप्थलीनची वाफ बंद खोलीत श्वासावाटे आपल्याही शरीरात जाते. जी-सिक्स-पी-डी या द्रव्याची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकांना अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे वा दुपटी वापरल्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर आजार झाल्याचे वैद्यकाला ठाऊक आहे. ज्या घरात लहान मूल आहे, तेथे तरी या गोळ्यांना रजा द्यावी. डी.डी.टी.ची गोष्ट तर सर्वज्ञात आहे. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघर तिची फवारणी झाली. तिच्या पांढऱ्या भुकटीवर एका पिढीने डोळे मिटून विश्वास ठेवला. पुढे तिचे दुष्परिणाम ध्यानात आल्यावर १९८९ साली आपल्याकडे शेतीसाठी तिचा वापर बंद करण्यात आला. कागदाच्या एका किड्यासाठी घरातील माणसांना विषाच्या सहवासात ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

मग करावे काय? मी जे केले ते क्रमाने सांगतो. प्रथम ट्रंक रिकामी केली, पुसून कोरडी केली व भिंतीपासून वीतभर पुढे, विटांवर ठेवली, म्हणजे तिच्या सर्व बाजूंनी हवा खेळेल. कूलरची खिडकी बदलली. वही उन्हात ठेवली नाही, कारण कडक उन्हाने शाई उडते व जुना कागद ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात ती उभी उघडून ठेवली. एकेक पान मऊ कुंचल्याने शिवणीकडून बाहेरच्या बाजूस झटकले. झटकलेली धूळ व अंडी लगेच घराबाहेर टाकली. भिंतीतील व फळ्यांतील फटी बुजविल्या. जुन्या पुठ्ठ्यांची खोकी, जी ‘केव्हातरी लागतील’ म्हणून माळ्यावर पडली होती, ती रद्दीत दिली. कसर व तिची अंडी बहुधा अशा खोक्यांतून व पुस्तकांतूनच एका घरातून दुसऱ्या घरात प्रवास करतात.

उरलेल्या किड्यांसाठी एक साधा सापळा पुरतो. काचेच्या बरणीत बिस्किटाचा चुरा किंवा थोडे पीठ टाकावे, बरणीला बाहेरून खरबरीत कागद अथवा चिकटपट्टी गुंडाळावी आणि ती रात्री कपाटात ठेवावी. बाहेरच्या खरबरीत भागावरून कसर वर चढते व आत उतरते. आतील गुळगुळीत काचेवरून तिला परत चढता येत नाही. कडुनिंबाचा पाला ठेवावयाचा असेल, तर तो पूर्ण वाळलेला असावा. ओला पाला ठेवणे म्हणजे कसरीला पाण्याची सोय करून देणे. मोठ्या ग्रंथालयांत कीड लागलेली पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून शून्याखाली वीस अंश तपमानात एक-दोन आठवडे ठेवतात. नंतरही पिशवी लगेच उघडत नाहीत, पुस्तक खोलीच्या तपमानाला आल्यावरच उघडतात, नाहीतर थंड कागदावर दव जमते.

हे सर्व करताना मला राहून राहून आपल्या पूर्वजांच्या व्यवहारज्ञानाचे नवल वाटत होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी मोडी कागदांचा आणि अनेक भाषांतील पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. तेथे वेखंड, दालचिनी, लवंग, मिरे, कापूर अशा द्रव्यांची पुरचुंडी पोथ्यांजवळ ठेवण्याची रीत आहे. दक्षिणेतील ताडपत्रांना गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल लावीत आले आहेत. जैन समाजात कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी पाळतात. त्या दिवशी ग्रंथभांडारांतील हस्तलिखिते बाहेर काढून, झटकून, त्यांची पूजा करतात. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन व ग्रंथपूजन होते. दोन्ही दिवस पावसाळा सरल्यानंतरचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक ग्रंथाला माणसाचा हात लागत असे. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी पोथीच्याच तोंडून एक प्रार्थना लिहीत. मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वाचवा, मूर्खाच्या हाती देऊ नका, असा तिचा आशय असे. घट्ट बांधलेल्या पोथीत किड्यांना शिरावयास जागा कमी मिळते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असले पाहिजे. यातील शेवटची अट वाचताना मी आपोआप मान खाली घातली.

दिवाळीत ताईकडे इंदूरला गेलो, तेव्हा आईची दुसरी वही पाहिली. ती स्वयंपाकघरातील फळीवर, डब्यांच्या शेजारी, उघडीच पडलेली असते. पोथीने ज्या तेलापासून वाचवा म्हटले, त्या तेलातच ती न्हाली होती. हळदीची बोटे, आमसुलाचे डाग, समासात ताईची व भाचीची अक्षरे, ‘साखर पाऊण वाटी पुरे’ अशा दुरुस्त्या. पाने मळली होती, कोपरे दुमडले होते. परंतु आईचे एक अक्षरही गेलेले नव्हते. इंदूरची हवा वेगळी, हे मान्य. पण जी वही आठवड्यातून चार वेळा उघडली जाते, जिची पाने उजेड व वारा पाहतात, तिच्यात कसरीला निवांतपणा कोठून मिळणार? मी वहीचा मान राखला आणि ताईने वही वापरली. आईला काय आवडले असते, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

ओव्यांच्या वहीतील अकरा ओव्या वाचता येईनाशा झाल्या होत्या. मी परतल्यावर मावशीला दूरध्वनी केला. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. प्रथम तिला काही आठवेना. मग ती म्हणाली, ‘‘थांब रे, नुसते बोलून नाही यायचे,’’ आणि मांडीवर हात फिरवीत, जात्याचा खुंटा धरल्याप्रमाणे, गुणगुणू लागली. मावसबहिणीने नंतर मला तिच्या हाताविषयी सांगितले, मला केवळ आवाज ऐकू येत होता. तीन दिवसांत तिने सात ओव्या पुऱ्या करून दिल्या. दोन ओव्या तिने आईच्या उरलेल्या अक्षरांशी न जुळणाऱ्या, निराळ्याच शब्दांत सांगितल्या. मी दोन्ही पाठ शेजारी शेजारी लिहिले. उरलेल्या दोन तिला आठवल्या नाहीत.

भाषांतराचा धंदा करणाऱ्याला मोकळी जागा सोसत नाही. मागचा शब्द पाहून पुढचा बसविणे हे त्याचे रोजचे काम. त्या दोन ओव्यांचे अर्धेमुर्धे चरण माझ्यासमोर होते आणि यमकही मनात तयार होते. लेखणी उचललीही होती. परंतु ते शब्द माझे झाले असते, आईचे नव्हेत. नव्या प्रतीत मी त्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत. काही कसर भरून निघते, काही निघत नाही, आणि न निघालेली लपवू नये.

आता वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ते ताईला व मावशीच्या घरी पाठविले आहे. मूळ वही ट्रंकेत नाही, बैठकीच्या खोलीतील कपाटात आहे, आणि त्या कपाटाला कुलूप नाही. माझी सात वर्षांची मुलगी परवा ती काढून वाचीत बसली होती. तिची बोटे स्वच्छ होती असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. मी काही बोललो नाही.

आणि आपण, वाचकहो? ती पेटी कोठे आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. किल्ली शोधावी लागेल, एवढेच.