पुणे-नागपूर व्हाया पोटरी

शुक्रवारची रात्र, पाठीला लॅपटॉपची सॅक आणि मोबाइलवर बसचं तिकीट. पुण्यात नोकरी करणाऱ्या वैदर्भीयांचा हा ठरलेला सीन. अहिल्यानगर गेलं, छत्रपती संभाजीनगर गेलं, की गाडी समृद्धीवर चढते आणि सुसाट सुटते. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. रस्ता धावतोय, बस धावतेय. जागचे हलत नाहीत ते फक्त आपले पाय!

गडबड इथेच आहे बॉस. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. तासन्‌तास गुडघे मुडपून बसलं की हा पंप बंद, रक्त संथ आणि खोलवरच्या शिरेत गाठ होण्याची शक्यता. याचं नाव डीव्हीटी. ही गाठ सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकतं.

हा फक्त विमानवाल्यांचा आजार नाही. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक शेल्टरमध्ये खुर्च्यांवर बसून रात्री काढायचे. त्यांच्यात असे मृत्यू वाढल्याचं डॉ. कीथ सिम्पसन यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं, की चार तासांहून जास्त प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो; मग विमान असो, ट्रेन, बस किंवा कार. तरीही लांबच्या विमानप्रवासात हे प्रमाण सहा हजारांत एक इतकंच. म्हणजे टेन्शन नको, पण बेफिकिरीही नको.

मागच्या ट्रिपला शेजारच्या काकूंना मी पाणी ऑफर केलं. "नको गं बाई, दुपारपासून घोटभरच घेतलंय. प्यायलं की उतरावं लागतं, आणि उतरायचं कुठे?" त्या म्हणाल्या. ढाब्यामागचं ते टॉयलेट पाहिलेल्या प्रत्येकीला हे पटेल. पण पाणी नाही, म्हणून उतरणं नाही, म्हणून चालणं नाही. स्वच्छ टॉयलेट हा पायांच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. तेव्हा स्वच्छ थांबा कुठे आहे, हे बुकिंग करतानाच विचारा.

बाकी फंडे सोपे आहेत. अर्ध्या-एक तासाने टाचा वर-खाली करा, घोटे गोल फिरवा. सॅक पायाशी कोंबू नका. बस थांबली की झोपमोड झाली तरी खाली उतरून चार पावलं टाका. ट्रेनमध्ये तर पॅसेज आपलाच! दारू आणि झोपेच्या गोळ्यांना सुट्टी द्या.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, कॅन्सर असेल किंवा आधी कधी गाठ झाली असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. गुडघ्यापर्यंतचे घट्ट स्टॉकिंग्ज लागतील का, ते तेच सांगतील. मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका.

आणि एक लक्षात ठेवा. गाठ प्रवासानंतर काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकते. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. तिथे विचारायची वाट न बघता सांगा, "मी रात्रभर बसमध्ये होते."