कैद्याची तक्रार यूनोत गेली की पुढे काय होतं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कार्ला फाट्यावर चहा घेत होतो. एकवीरेच्या पायथ्याला ओटीचं सामान विकणाऱ्या एक मावशी मला शोधत आल्या. पिशवीतून कागद काढले. कोर्टाच्या तारखा, डॉक्टरची जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचं एक रिकामं पाकीट.

"दादा, तुम्ही पेपरवाले. त्या हेगच्या कोर्टाला एक अर्ज लिहून द्या."

त्यांचा पोरगा हाणामारीच्या केसमध्ये आत आहे. कच्चा कैदी, खटला अजून सुरूच नाही. लहानपणापासून फिट येते, गोळी रोज लागते. आत कधी मिळायची, कधी नाही. एकदा फिट येऊन पडला, पुढचा दात तुटला. मावशींना ते मुलाखतीच्या वेळी काचेतून दिसलं. (कुठला तुरुंग ते लिहीत नाही. पोरगा अजून तिथेच आहे.)

खरं सांगतो, हेग म्हटल्यावर आधी मला हसू आलं. पण मावशींचा पुढचा प्रश्न ऐकून गप्प झालो.

"त्या जाधवांच्या पोराची फाशी थांबवली ना त्यांनी? मग माझ्या पोराची एक गोळी चालू होत नाही व्हय?"

पत्रकारितेत वीस वर्षं झाली, पण उत्तर येत नव्हतं. दोन दिवस वाचलं, वकिलांना विचारलं. जे समजलं ते लिहितो. मोठं आहे, पण वाचा.

कुलभूषण जाधव. जन्म सांगलीचा, नौदलातले निवृत्त अधिकारी. २०१६ च्या मार्चमध्ये पाकिस्तानने पकडलं. १० एप्रिल २०१७ ला लष्करी कोर्टाने फाशी सुनावल्याचं जाहीर झालं. भारत ८ मे २०१७ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि दहाच दिवसांत अंतिम निकालापर्यंत फाशी रोखण्याचा आदेश मिळाला. हरीश साळवेंनी एक रुपया फी घेऊन केस लढवली, हे आपण सगळ्यांनी शेअर केलं होतं.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी आई आणि बायको त्यांना भेटायला इस्लामाबादला गेल्या. मध्ये काच होती. मंगळसूत्र, टिकली, बांगड्या काढायला लावल्या आणि आईला मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. पाकिस्तानने आरोप फेटाळले.

१७ जुलै २०१९ ला निकाल आला, १५ विरुद्ध १. परदेशी माणूस पकडला तर त्याला त्याचे हक्क सांगायचे आणि त्याच्या देशाच्या वकिलातीला भेटू द्यायचं, हा १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ चा नियम पाकिस्तानने मोडला, असं कोर्ट म्हणालं. शिक्षेचा फेरविचार करा आणि तोपर्यंत फाशी नाही, असा आदेश दिला. पण शिक्षा रद्द करा, सोडून द्या, ही भारताची मागणी मान्य केली नाही. जीव वाचला, सुटका झाली नाही.

आता मुद्दा असा, की या कोर्टात माणूस जाऊ शकत नाही. देशाविरुद्ध देश जातो. जाधवांच्या पाठीशी अख्खा देश उभा होता, म्हणून दार उघडलं.

मग ज्याला आपल्याच देशाने आत ठेवलंय, त्याच्यासाठी कोण उभं राहणार?

याचंही उदाहरण लांबचं नाही. भीमा कोरेगाव आपल्याच जिल्ह्यात. त्या केसमध्ये एनआयएने ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीहून फादर स्टॅन स्वामींना अटक केली. वय ८३, पार्किन्सन्सचा आजार. ठेवलं तळोज्याला, म्हणजे आपला घाट उतरलं की पुढे. हात थरथरायचे, ग्लास धरता येईना म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा अर्ज कोर्टात करावा लागला. उत्तर द्यायला एनआयएने वीस दिवस मागितले आणि नंतर सांगितलं की त्या वस्तू आम्ही घेतल्याच नव्हत्या. विशेष कोर्टाने जामीन नाकारला. हायकोर्टात अपील चालू असतानाच ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात ते गेले.

त्यांचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेबाबतच्या कार्यगटापुढे गेलं. १९९१ पासूनचा हा पाच तज्ज्ञांचा गट आहे. इथे तक्रार कुणालाही करता येते. कैदी, घरचे, संस्था, कुणीही. फी नाही. गट सरकारला पत्र पाठवतो, उत्तराला साधारण ६० दिवस देतो आणि दोन्ही बाजू बघून मत देतो. स्टॅन स्वामींची अटक मनमानी होती, असं मत नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलं. तोवर माणूस जाऊन चार महिने झाले होते. आणि हे मत मानायची सक्ती कुणावर नाही. अटक कायद्याने झाली आणि जामीन कोर्टांनी नाकारला, ही आपल्या सरकारची भूमिका जुलैतच जाहीर झालेली होती.

याहून वजनदार दार आहे, ते मानवाधिकार समितीचं. पण तिथे एकट्या माणसाची तक्रार जायला देशाने वेगळा करार स्वीकारावा लागतो. भारताने मुख्य करार १९७९ मध्ये मान्य केला, हा जोडकरार नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण पक्की मान्यता अजून दिलेली नाही.

आता कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणार, जाधव आणि स्टॅन स्वामींची तुलना करता? गुन्ह्याची तुलना करतच नाही. आजारी कैद्याला औषध आणि आईला पोराशी बोलणं मिळालं पाहिजे, ते तो कुणाच्या तुरुंगात आहे यावर ठरू नये, एवढंच म्हणतोय. इस्लामाबादच्या काचेवर आपण चिडलो होतो, ते बरोबरच होतं. तसंच इथल्या काचेपुढे बसलेल्या आईबद्दलही वाटायला हवं.

मावशींना सांगितलं, हेगला अर्ज नको, आधी वडगावला जाऊ. तालुका विधी सेवा समितीतून फुकट वकील मिळाल्या. कोठडीतल्या माणसाला हा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे, उत्पन्न कितीही असो. वकीलताईंनी अर्जाला डॉक्टरची चिठ्ठी जोडली आणि संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतला २४ वा नियमही लिहिला. बाहेरच्या माणसाला मिळतात तेच उपचार कैद्यालाही मिळावेत, तेही मोफत, असं तो सांगतो. कोर्टाने तुरुंगाच्या डॉक्टरांकडून अहवाल मागवला. दुसऱ्या तारखेनंतर गोळी रोज मिळायला लागली. दात काही परत आला नाही.

"मंजी यूनोचा कागद वडगावात चालला," मावशी म्हणाल्या. मी म्हटलं, हो मावशी, तसंच झालं.

आपल्या मावळातलं कुणी आत असेल तर एवढं करा. औषधाच्या चिठ्ठीच्या झेरॉक्स जपून ठेवा. तुरुंग अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. वकील नसेल तर १५१०० ला फोन करा. तरीही नाही झालं तर मानवाधिकार आयोगाला लिहा. मराठीत चालतं, फी नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत. उद्या जिनिव्हाला लिहायची वेळ आलीच, तर तिथेही हेच कागद मागतील.

अर्ज लिहायला अडलं तर मला मेसेज करा. सकाळी फाट्यावर असतोच.